क्षार भट्टीत टाकण्याआधी: सोनं, चांदी आणि प्लॅटिनमचे क्षार तापवल्यावर काय होतं

टंच काढणाऱ्याच्या, म्हणजे धातूची शुद्धता तपासणाऱ्याच्या, टेबलाखाली एक बरणी असतेच. नमुन्यातली चांदी नायट्रिक ॲसिडमध्ये उतरवली, सोनं खाली राहिलं आणि वरचा निळसर द्रव बरणीत गेला. जळगावच्या सराफ बाजारात, धुळ्यात, चोपडा-शहाद्याकडच्या पेढ्यांमागच्या छोट्या खोल्यांत या बरण्या महिनोन् महिने भरत राहतात. कुणी त्यात मीठ टाकून पांढरा गाळ बसवतो, कुणी शेगडीवर आटवून हिरवे खडे करतो. मग एक दिवस ‘भट्टीत टाकू, चांदी आपोआप मोकळी होईल’ असं म्हणून सगळं मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, जातं. क्षार बरा निघाला तर चांदी मिळते. नाही निघाला तर ती धुरातून आणि मुशीच्या भिंतीतून निघून जाते आणि दोष टंचावर येतो.

नुसत्या आचेनं सरळ मोडून धातू देणारे क्षार थोडेच आहेत. आपल्या धंद्यात सर्वांत जास्त हाती येतात सिल्व्हर क्लोराइड आणि गोल्ड क्लोराइड, आणि नेमके हेच दोन नुसत्या आचेच्या भरवशावर सोडता येत नाहीत. म्हणून आधी क्षार ओळखायचा, मग वजन करायचं आणि भट्टी सगळ्यांत शेवटी. या लेखात मी त्याच क्रमानं जातो.

चांदी सुटते, तांबं सुटत नाही

धातूचा क्षार म्हणजे धातू आणि त्याला धरून बसलेलं दुसरं काहीतरी: ऑक्सिजन, क्लोरीन, नायट्रेट, कार्बोनेट. आच दिली की ही पकड सैल होते. नायट्रेट आणि कार्बोनेट तापवले की बहुतेक धातूंचा आधी ऑक्साइड होतो. तांब्याचं नायट्रेट तापवलं की काळा कॉपर ऑक्साइड उरतो आणि आपल्या भट्टीत तो काळाच राहतो. शिशाचंही तसंच. चांदीचं मात्र ऑक्सिजनशी फारसं जमत नाही. सिल्व्हर ऑक्साइड २०० अंश सेल्सियसच्या वर ऑक्सिजन सोडू लागतो आणि ३०० च्या आसपास भराभर मोडून शुद्ध चांदी देतो. कोळसा नको, सुहागा नको. सोनं आणि प्लॅटिनम याच जातीचे.

क्लोरीनची गोष्ट वेगळी. चांदी आणि क्लोरीन यांची पकड इतकी घट्ट की सिल्व्हर क्लोराइड ४५५ अंशांना वितळतो, पाण्यासारखा पातळ होतो, मुशीच्या छिद्रांत शिरतो, आणखी तापवला की वाफ होऊन उडायला लागतो, पण मोडत नाही. मुशीत टाकलेली चांदी ‘गायब’ होण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

आधी ओळख

ताजा असताना पांढरा, दह्याच्या कवडीसारखा आणि उजेडात ठेवला की जांभळट-करडा होत जाणारा गाळ म्हणजे सिल्व्हर क्लोराइड. शंका असेल तर गरम पाण्यात ढवळा. शिशाचा क्लोराइड गरम पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो, चांदीचा विरघळत नाही. हिरवे-निळे, हवेतलं पाणी ओढून ओले होणारे खडे म्हणजे चांदी-तांब्याचं मिश्र नायट्रेट. गडद तपकिरी भुकटी म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड. फिकट पिवळी, ॲसिडच्या थेंबानं फसफसणारी भुकटी सिल्व्हर कार्बोनेट. नारिंगी-पिवळा, ओलसर, बोटाला लागला तर पुढे जांभळा डाग पाडणारा क्षार सोन्याचा क्लोराइड. पिवळाधमक, वजनदार, थंड पाण्यात जेमतेम विरघळणारा असेल तर प्लॅटिनमचा अमोनियम क्षार.

गिलिटवाल्यांकडचे (सोन्याचा मुलामा देणाऱ्यांकडचे) पांढरे खडे मात्र बाजूला ठेवा. तो पोटॅशियम गोल्ड सायनाइड असतो. त्यात ६८ टक्क्यांहून जास्त सोनं असतं, त्यामुळे मोह होतो. त्याला ॲसिड लागलं तर सायनाइडचा जीवघेणा वायू सुटतो. तो तापवायचा नाही आणि त्याची घरगुती प्रक्रियाही करायची नाही. ज्याच्याकडे सायनाइड हाताळण्याची परवानगी आणि सोय आहे त्यालाच तो द्यायचा.

वजन: न चुकणारा साक्षीदार

प्रत्येक क्षारात धातूचा वाटा ठरलेला असतो. क्षार शुद्ध आणि कोरडा असेल तर १० ग्रॅममधून किती धातू यायला हवा, हे आधीच वहीत लिहून ठेवा. सिल्व्हर ऑक्साइडमधून ९.३१ ग्रॅम, कार्बोनेटमधून ७.८२, क्लोराइडमधून ७.५३, नायट्रेटमधून ६.३५. बाजारात मिळणाऱ्या पाणीधारी गोल्ड क्लोराइडमधून साधारण ५.०. प्लॅटिनमच्या पिवळ्या क्षारातून ४.३९ आणि पॅलेडियमच्या पिवळ्या क्षारातून ५.०३ ग्रॅम.

तापवल्यानंतर वजन या आकड्यापेक्षा जास्त भरलं तर क्षार पूर्ण मोडलेला नाही किंवा आत तांबं, शिसं, मीठ आहे. कमी भरलं तर क्षार ओला होता, नाहीतर धातू कुठेतरी गेला. तापव, थंड कर, तोल. पुन्हा तापव, पुन्हा तोल. दोन वजनं जुळली की काम झालं. कारागिराच्या नजरेवर माझा विश्वास आहे, पण करड्या भुकटीत दोन टक्के क्लोराइड उरला असेल तर तो कुणाच्याच नजरेला दिसत नाही. काट्याला दिसतो.

नायट्रेट: खरी कारागिरी इथे

सातपुड्याच्या पट्ट्यातून मोडीत येणाऱ्या जुन्या चांदीत, वाळ्या-तोड्यांत, तांब्याची भेसळ ठरलेली. अशी चांदी नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवली की द्रवात दोन्ही नायट्रेट एकत्र असतात. दोघांच्या मोडण्याच्या तापमानात मोठं अंतर आहे. तांब्याचं नायट्रेट २०० अंशांच्या आसपासच मोडायला लागतं. चांदीचं नायट्रेट २१२ अंशांना वितळतं, पण साधारण ४४० अंशांपर्यंत टिकून राहतं. या दोन आकड्यांच्या मधली जागा आपल्या कामाची.

द्रव गाळून घ्या. चिनी मातीची बाष्पीभवनाची बशी एक-तृतीयांशच भरा, कारण शेवटी पदार्थ उसळतो. बशी वाळूच्या थरावर ठेवा. थेट ज्योत नको, एका बाजूला जास्त आच लागून बशी तडकते. हळूहळू पाणी उडू द्या. निळा द्रव हिरवट, दाट होत जातो, मग घट्ट हिरवा चिकट पदार्थ उरतो. आता आच वाढवा. लाल-तपकिरी धूर सुरू होतो आणि बशीच्या कडेला, जिथे आच जास्त असते तिथे, पहिला काळा ठिपका दिसतो. तो कॉपर ऑक्साइड. पाच-दहा मिनिटांत काळेपणा कडेकडून मध्याकडे सरकतो, बुडबुडे संथ होतात, धूर विरळ होतो. वर काळी साय आणि खाली जवळजवळ रंगहीन वितळलेलं चांदीचं नायट्रेट, अशी अवस्था येते. तापमान २५० ते ३०० अंशांत धरा. साधा थर्मोकपल (तापमान मोजायची तार) फार महाग नसतो. अंदाजावर हे काम करू नका, कारण वर गेलात तर चांदीचं नायट्रेटही मोडू लागतं आणि ती चांदी काळ्या गाळात अडकते.

झालं की नाही हे कसं कळणार? काचेच्या कांडीवर थेंबभर काढा, थंड झाल्यावर शुद्ध पाण्यात विरघळवा, गाळा आणि गाळलेल्या थेंबाला अमोनिया लावा. निळा रंग आला तर तांबं शिल्लक आहे, आणखी तापवा. रंग आला नाही तर संपलं. ही चाचणी थेंबावरच करायची आणि चाचणीचा द्रव लगेच पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ओतून मोडून टाकायचा. का, ते पुढे अमोनियाच्या भागात येतं.

बशी पूर्ण थंड झाल्यावर डिस्टिल्ड वॉटर घाला. इथे आपल्या भागाची अडचण सांगतो. बोअरचं पाणी किंवा नळाचं पाणी वापरलंत तर त्यातल्या क्लोराइडमुळे द्रव लगेच दुधाळ होतो आणि तेवढी चांदी क्लोराइड बनून हातची जाते. शुद्ध पाण्यात चांदीचं नायट्रेट विरघळतं, काळा कॉपर ऑक्साइड तळाशी राहतो. गाळून घ्या, गाळ दोन-तीनदा धुवा.

वितळलेल्या नायट्रेटजवळ कागद, कापूस, लाकडाचा भुसा, साखर, तेलकट फडकं काहीही नको. नायट्रेट स्वतःच ऑक्सिजन पुरवतं, त्यामुळे असल्या गोष्टी भडकून पेटतात. ढवळायला काचेची कांडीच.

आता गाळलेल्या स्वच्छ द्रवातून चांदी कशी काढायची? सुका करून ४५० अंशांच्या वर तापवला तर नायट्रेट मोडतं, चांदी उरते, नायट्रोजन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन निघतात. रसायन बरोबर आहे, पण मी याच्या बाजूचा नाही. १०० ग्रॅम चांदी नायट्रेटच्या रूपात असेल तर ती मोडताना सुमारे ४३ ग्रॅम, म्हणजे वीस-बावीस लिटर नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडतो. (तेवढ्याच वजनाच्या तांब्याचं नायट्रेट याच्या तिपटीहून जास्त सोडतं, म्हणून वरचं काम धुराड्याखालीच.) चांगला मार्ग असा: द्रवात कॉस्टिक सोड्याचं पाणी थोडं थोडं घाला. १०० ग्रॅम चांदीला ३७ ग्रॅम कॉस्टिक पुरतं. द्रवात मोकळं ॲसिड असेल तर त्याच्यासाठी वेगळं लागेल. गडद तपकिरी सिल्व्हर ऑक्साइड खाली बसतो. तो शुद्ध पाण्यानं धुवून, सुकवून, ३०० अंशांच्या वर तापवा. तपकिरी भुकटी आधी करडी, मग मंद पांढरी होते आणि बाहेर पडतो तो फक्त ऑक्सिजन. धुराचा त्रास नाही.

चांदी ९६२ अंशांना वितळते. रस उघडा ठेवला तर तो हवेतला ऑक्सिजन पितो आणि गोठताना तो वायू जोरानं बाहेर फेकतो, सोबत चांदीचे कणही उडतात. वरून कोळशाचा तुकडा किंवा सुहाग्याचा थर ठेवला की हे टळतं.

कार्बोनेटसाठी वेगळं काही लागत नाही. आच लागली की आधी कार्बन डायऑक्साइड, मग ऑक्सिजन सोडून तो चांदी होतो. फक्त भुकटी बारीक असते, म्हणून झाकणाखाली आणि हळू तापवा.

सिल्व्हर क्लोराइड: आच एकटी पुरत नाही

इथे आचेला जोडीदार लागतो. जुना भट्टीचा मार्ग म्हणजे धुण्याचा सोडा. १०० ग्रॅम कोरड्या क्लोराइडला हिशेबानं ३७ ग्रॅम निर्जल सोडा लागतो. प्रत्यक्षात ५० घ्या, चिमूटभर सुहागा घाला, खलून एकजीव करा. मूस अर्ध्याच्या वर भरू नका, कारण कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन सुटताना मिश्रण फुगून वर येतं. फुगणं थांबेपर्यंत मंद आच, मग १,०५० ते १,१०० अंश. क्लोरीन सोड्यातल्या सोडियमशी जाऊन वर मिठाचा थर होतो, चांदी तळाशी उतरते. क्लोराइड ओला असेल तर मुशीतून उडतो, त्यामुळे सुकवण्यात घाई नको. मे महिन्यात गच्चीवर तो तासाभरात कोरडा दिसतो, पण गोळ्याच्या आत ओल राहते. शिवाय उन्हात तो काळवंडतो. काळवंडल्यानं चांदी जात नाही, ती धातूच झालेली असते. फक्त वरून झाला म्हणजे आतूनही झाला असं समजू नका.

मला स्वतःला ओला मार्ग जास्त पटतो. ताजा, न सुकवलेला क्लोराइड घ्या. सुकून कडक झाला की त्याची प्रतिक्रिया आतपर्यंत पोचत नाही. पाण्यात ढवळत कॉस्टिकचं द्रावण घाला, १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या आसपास कॉस्टिक. पांढरा गाळ काळपट तपकिरी होतो, म्हणजे ऑक्साइड झाला. गाठी फोडत राहा. आत पांढरं दिसलं तर तिथे अजून क्लोराइड आहे. मग ग्लुकोज थोडं थोडं. भांडं गरम होतं, उसळतं, गाळ करडा होतो. ती चांदी. गरम कॉस्टिक डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून इथे चष्मा अनिवार्य.

शेवटची परीक्षा: धुतलेली करडी भुकटी चिमूटभर घेऊन पातळ नायट्रिकमध्ये टाका. सगळी विरघळली तर उत्तम. तळाशी पांढरं राहिलं तर परत कॉस्टिक आणि ग्लुकोज.

सोन्याचा क्लोराइड

अम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या मिश्रणात, उतरवलेलं सोनं पिवळ्या द्रवात असतं. तो आटवून कोरडा केला आणि तापवत गेलं तर १६० अंशांच्या वर क्लोरीन सुटायला लागतो, सोनं कमी क्लोरीन असलेल्या क्लोराइडमध्ये जातं आणि आणखी आच दिली की धातू उरतो. कागदावर सोपं दिसतं. पण हा क्लोराइड तापल्यावर थोडा उडतोही आणि क्लोरीनच्या धुरासोबत सोनं जातं. चांदीत चालून जाणारं नुकसान सोन्यात चालत नाही.

म्हणून आचेचा उपयोग इथे एकाच गोष्टीसाठी: जास्तीचं नायट्रिक घालवण्यासाठी. वाळूवर मंद तापवा, दाट होत आला की थोडं हायड्रोक्लोरिक घाला, पुन्हा आटवा, तपकिरी धूर थांबेपर्यंत. कोरडं होऊ देऊ नका. कडेचा पिवळा रंग तपकिरीकडे झुकला तर आच जास्त झाली, हे समजा आणि थोडं ॲसिड घालून तो भाग पुन्हा विरघळवा.

मग पाणी घालून द्रव गार करा, गाळा आणि हिराकस (फेरस सल्फेट) वापरा. १ ग्रॅम सोन्याला हिशेबानं ४.२ ग्रॅम हिराकस लागतं, ५ घ्या. सोनं तपकिरी भुकटीच्या रूपात खाली बसतं. ते चकाकत नाही म्हणून घाबरू नका. सोडियम मेटाबायसल्फाइटही चालतं आणि कमी लागतं, पण सल्फर डायऑक्साइडचा वास खोलीभर होतो. सगळं उतरलं का, हे स्टॅनस क्लोराइडच्या थेंबानं पाहा: जांभळा डाग आला तर सोनं अजून द्रवात आहे. धुतलेली, सुकवलेली भुकटी मग मुशीत, १,०६४ अंशांच्या वर.

अमोनिया: इथे थांबा

सोन्याच्या क्लोराइडमध्ये अमोनिया घातला की पिवळट-तपकिरी गाळ बसतो. तो सुकला की घर्षणानं, साध्या खरवडण्यानंही स्फोट होऊ शकतो. चांदीचंही तेच: चांदीच्या द्रवात अमोनिया घालून तो ठेवून दिला की काळसर स्फोटक गाळ तयार होऊ शकतो. म्हणून अमोनियात विरघळवलेली चांदी रात्रभर ठेवायची नाही, सुकवायची तर मुळीच नाही. लगेच पातळ ॲसिड घालून मोडायची. सिल्व्हर ऑक्झलेटही तापवायचा नाही, तो १४० अंशांच्या आसपास स्फोटानं मोडतो. चांदीचं नायट्रेट, नायट्रिक आणि स्पिरिट एकत्र येऊ द्यायचे नाहीत.

जुन्या दुकानात, वडिलांच्या किंवा आधीच्या कारागिराच्या काळातली, तळाशी काळा थर बसलेली आणि अमोनियाचा वास येणारी बाटली सापडली तर तिला हलवू नका, झाकण फिरवू नका, खोली रिकामी करा आणि अग्निशमन दलाला बोलवा. त्या बाटलीत किती चांदी असेल, हा विचार मनात आणू नका.

प्लॅटिनम आणि पॅलेडियम

प्लॅटिनमच्या द्रवात नवसागर (अमोनियम क्लोराइड) घातला की पिवळा अमोनियम क्षार बसतो. नुसत्या आचेनं धातू देणारा हा सर्वांत सुंदर क्षार आहे. विल्यम वोलॅस्टननं १९व्या शतकाच्या सुरुवातीला याच वाटेनं प्लॅटिनमचा करडा स्पंज, म्हणजे सच्छिद्र धातू, काढून तो दाबून, ठोकून घडवता येईल असा केला. ज्याला वितळवायला १,७६८ अंश लागतात, त्या धातूला त्यानं वितळवल्याशिवाय आकार दिला. पॅलेडियमही त्याचाच शोध, १८०२ चा.

क्षार आधी ११० अंशांना पूर्ण सुकवा. झाकणाच्या क्वार्ट्झ किंवा चिनी मातीच्या भांड्यात अगदी सावकाश ३५०-४०० अंशांपर्यंत न्या. पांढरा दाट धूर निघतो. तो नवसागर आणि हायड्रोक्लोरिक वायू. आच घाईनं वाढवली तर हा धूर बारीक प्लॅटिनम सोबत उचलून नेतो. धूर पूर्ण थांबल्यावरच तापमान वाढवा. पॅलेडियमचा पिवळा क्षारही असाच मोडतो, पण धातू झाल्यावर हवेत मध्यम आचेला त्यावर निळसर ऑक्साइडचा थर येतो आणि वजन जास्त भरतं.

एवढं सांगूनही माझा सल्ला असा, की लहान दुकानात हे काम करू नका. प्लॅटिनमच्या या क्लोराइडयुक्त क्षारांची धूळ श्वासात गेली तर काहींना कायमची ॲलर्जी आणि दमा जडतो. विरघळणाऱ्या प्लॅटिनम क्षारांसाठी कामाच्या जागेतल्या हवेची मर्यादा घनमीटरला ०.००२ मिलिग्रॅम धरली जाते. पंखा आणि रुमाल यानं ती पाळली जात नाही. पिवळा क्षार ओलाच डबीत बंद करून मोठ्या रिफायनरीकडे द्या.

धूर आणि सांडपाणी

तपकिरी धुराबद्दल एक गोष्ट प्रत्येक कारागिराला माहीत असायला हवी. नायट्रोजन डायऑक्साइड घेतल्यावर माणूस तासभर खोकतो, मग बरं वाटतं आणि काही तासांनी, कधी रात्री, फुप्फुसात पाणी होतं. त्यामुळे ‘आता ठीक आहे’ म्हणून घरी पाठवू नका. जास्त धूर गेला असेल त्याला त्याच वेळी दवाखान्यात न्या आणि कोणता वायू होता ते डॉक्टरांना सांगा.

धुराड्याचं तोंड कॉस्टिकच्या पाण्याच्या टाकीतून काढा. खानदेशी उन्हाळ्यात दारातून येणारी झळ धूर परत खोलीत लोटते. हे काम पहाटे, वारा शांत असताना उरका. नायट्रिक आणि अमोनियाच्या बाटल्या पत्र्याच्या छपराखाली ठेवू नका, दाब वाढून बूच उडतं. आणि दोघी एका कपाटात तर नकोतच.

उरलेल्या पाण्यात आधी थोडं मीठ टाकून पाहा; दुधाळ झालं तर चांदी आहे, ती बसू द्या. मग चुन्यानं किंवा सोड्यानं पाण्याचा सामू (pH) ८ ते ९ वर आणा, तांबं हिरवट-निळ्या गाळात उतरतं. गाळ सुकवून घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेकडे द्यायचा, गटारात ओतायचा नाही. नायट्रेटच्या कामातला काळा कॉपर ऑक्साइड मात्र वेगळा ठेवा. नीट धुतलेला असेल तर तो विकलाही जातो, आणि धुतलेला नसेल तर त्यात तुमचीच चांदी असते.